आधी मोजणी, मग वेधन: फ्रॅकिंगच्या नियमनाचा आढावा

फ्रॅकिंगला परवानगी द्यावी की त्यावर बंदी घालावी, या एकाच प्रश्नावर गेल्या दीड दशकात देशोदेशी उलटसुलट निर्णय झाले आहेत. फ्रान्सने जुलै २०११ मध्ये कायदा करून हे तंत्र बंद केले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने हजारो विहिरी खोदू दिल्या, तर शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने, पायाखाली तोच मार्सेलस खडक असताना, डिसेंबर २०१४ मध्ये बंदी जाहीर केली. ब्रिटनने परवानगी दिली, थांबवली, पुन्हा दिली, पुन्हा थांबवली. याचे कारण केवळ राजकारणात शोधले तर निम्मेच उत्तर हाती लागते. या तंत्राचे धोके साधारण कुठे आहेत, हे आता बऱ्यापैकी कळले आहे. परंतु अमुक गावात अमुक विहिरीमुळे काय बिघडले, हे ठरवायला खोदाईच्या आधीच्या ज्या नोंदी लागतात त्या बहुतेक ठिकाणी नाहीत. नियम कडक असावेत की सैल, यावर भरपूर चर्चा झाली. ते नियम कोणत्या मोजणीवर उभे आहेत, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे आणि या आढाव्याचा रोख त्यावर आहे.

तंत्र जुने, प्रमाण नवे

शेल हा चिकणमातीचे बारीक थर दाबले जाऊन बनलेला खडक. त्यात वायू असतो, पण तो वाहू शकत नाही. म्हणून विहीर दोन-तीन किलोमीटर खाली नेऊन आडवी वळवतात आणि शेलच्या थरातून आणखी एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही लांब नेतात. मग पोलादी नळाला टप्प्याटप्प्याने भोके पाडून प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने आत सोडतात. खडकाला केसासारख्या भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत. हेच फ्रॅकिंग. दाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये झाला आणि १९४९ पासून त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस पातळ, पाणीप्रधान मिश्रण वापरून हे तंत्र शेलमध्ये परवडते हे दाखवले. पुढे त्याला आडव्या वेधनाची जोड मिळाली.

‘सात दशकांचे अनुभवसिद्ध तंत्र’ हा उद्योगाचा युक्तिवाद म्हणूनच अर्धा बरोबर आहे. तत्त्व जुने आहे, प्रमाण मात्र नवे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांनुसार एका विहिरीला साधारण ६० लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागते. अशा विहिरी एका आवारात अनेक आणि एका जिल्ह्यात शेकडो असतात. एका विहिरीत क्षम्य ठरेल अशी चूक शेकडो विहिरींत मिळून क्षम्य राहत नाही.

पाणी कुठून बिघडते

वादातली सर्वांत गाजलेली भीती म्हणजे खोलवरच्या भेगा वर सरकत जातील आणि त्यांतून रसायने पिण्याच्या पाण्यात मिसळतील. जलधर, म्हणजे भूजल साठवणारा थर, काही शे मीटरवर आणि शेल दोन-अडीच किलोमीटरवर असेल, तर मधल्या खडकातून भेगांनी इतका प्रवास केल्याचा पुरावा आजवर समोर आलेला नाही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने जून २०१२ च्या संयुक्त अहवालात हा धोका फारच कमी मानला आणि खरी काळजी विहिरीच्या बांधणीची करावी असे सुचवले. मात्र हा दिलासा अंतरावर अवलंबून आहे. वायोमिंगमधल्या पॅव्हिलियन इथे ३७२ मीटर इतक्या उथळ थरात फ्रॅकिंग झाले होते आणि तिथल्या घरगुती विहिरी २४४ मीटरपर्यंत गेलेल्या होत्या. एवढ्या कमी अंतरावर वरचा दिलासा लागू होत नाही.

बांधणी म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासारखे आहे. खोदाई सुरू झाली की प्रथम गोड्या पाण्याच्या थराखालपर्यंत पोलादी नळ उतरवतात. नळ आणि खडक यांच्यामध्ये कड्यासारखी पोकळी उरते. सिमेंटचा पातळ गारा नळाच्या आतून खाली दाबतात, तो तळाशी वळून बाहेरच्या पोकळीतून वर चढतो आणि तिथे घट्ट होतो. मग या नळाच्या आतून पुढचा, अधिक खोल जाणारा नळ. नळ भोकाच्या मध्यभागी राहिला नाही, भिंतीवरचा चिखल पुरता धुतला गेला नाही किंवा सिमेंट घट्ट होण्याआधीच त्यात वायू शिरला, तर बारीक वाट उरते. मधल्या एखाद्या थरातला मिथेन त्या वाटेने वर येऊन विहिरीच्या पाण्यात विरघळतो. फट डोळ्यांना दिसत नाही. ध्वनिलहरींनी सिमेंटची पकड तपासणे आणि दाब देऊन तो टिकतो का पाहणे, हेच उपाय. ही तपासणी कोण करतो आणि तिचा निकाल कोणाला दाखवतो, यावर पाण्याची सुरक्षितता ठरते.

पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावचे प्रकरण यासाठीच महत्त्वाचे. २००९ मध्ये तिथल्या घरगुती विहिरींत मिथेन आढळला आणि राज्य सरकारने वायू कंपनीला जबाबदार धरले. त्या भागात मिथेन निसर्गतःच पाण्यात असतो, असे कंपनीचे म्हणणे होते. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की वायूविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या पाण्यात मिथेनचे प्रमाण दूरच्या पाण्यापेक्षा बरेच जास्त आहे. फ्रॅकिंगची रसायने मात्र त्यांना सापडली नाहीत. टीकाकारांनी लगेच विचारले, खोदाईच्या आधी मिथेन किती होता? त्याची नोंद नव्हती. २०१४ मध्ये निष्क्रिय वायूंच्या मागावरून झालेल्या अभ्यासाने, दूषित आढळलेल्या ठिकाणी दोष नळ आणि सिमेंटचा असल्याचे दाखवले. खोलवरच्या भेगांचा नव्हे. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने न्यायालयात आरोपांना विरोध न करण्याची भूमिका घेतली आणि गावाच्या नळयोजनेचा खर्च उचलण्याचे मान्य केले. तोवर तेरा वर्षे गेली होती. खोदाईआधीचे नमुने असते, तर या वादाचा बराचसा भाग सुरूच झाला नसता.

राष्ट्रीय पातळीवरही हीच उणीव आडवी आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये कोळशाच्या थरांतल्या फ्रॅकिंगचा आढावा घेऊन धोका नगण्य ठरवला आणि २००५ च्या ऊर्जा कायद्याने, डिझेलचा वापर वगळता, फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायद्याच्या भूजल तरतुदींतून सूट दिली. २०१५ च्या मसुद्यात त्याच संस्थेने व्यापक, सर्वदूर परिणाम आढळले नसल्याचे म्हटले. स्वतःच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळाने आक्षेप घेतल्यावर डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य गाळले. काही परिस्थितींत पेयजलावर परिणाम होऊ शकतो, असे अंतिम अहवालाने म्हटले आणि त्या परिस्थितीही सांगितल्या: टंचाईच्या भागातला उपसा, पृष्ठभागावरची सांडलवंड, सदोष विहिरी, अपुरी प्रक्रिया केलेले सांडपाणी, अस्तर नसलेले खड्डे. देशभरात हे किती वेळा घडते, हे माहितीच्या तुटीमुळे सांगता येत नसल्याचेही त्याने नोंदवले. ‘व्यापक हानीचा पुरावा नाही’ हे विधान यामुळे फार जपून वाचावे लागते. शोधण्याची सोयच नसेल, तर पुरावा न सापडणे हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र होत नाही. तितकेच खरे हेही, की नोंदी नाहीत म्हणून प्रत्येक तक्रार आपोआप सिद्ध होत नाही.

जमिनीचे हादरे

भूकंपाच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची सतत सरमिसळ होते. ओक्लाहोमात २००९ पूर्वी तीन किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप वर्षाला एक-दोन होत. २०१५ मध्ये ते नऊशेच्या आसपास गेले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. याला प्रामुख्याने जबाबदार होते ते तेलवायूबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा खोल थरात जिरवणे; खडक फोडण्याच्या क्रियेचा त्यातला वाटा लहान होता. राज्याच्या नियामकाने जिरवणीवर मर्यादा घातल्यावर पुढच्या वर्षांत धक्के लक्षणीय घटले. नियमनाचा परिणाम आकड्यांत दिसावा, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

याचे शास्त्र महाराष्ट्राला अनोळखी नाही. खडकाच्या छिद्रांतला पाण्याचा दाब वाढला की आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगाची पकड ढिली होते. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेला ६.३ तीव्रतेचा भूकंप जगभर जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून अभ्यासला जातो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत डेन्व्हरजवळ, लष्करी रसायन कारखान्याचे सांडपाणी जिथे १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडले जात होते, त्या परिसरातला सर्वांत मोठा धक्का बसला. पाणी सोडणे तर फेब्रुवारी १९६६ मध्येच बंद झाले होते. पंप थांबला म्हणजे धोका थांबला असे नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

इंग्लंडमधल्या लँकेशायरचा अनुभव वेगळा. तिथले धक्के थेट फ्रॅकिंगचे होते. ब्लॅकपूलजवळ प्रीस हॉल इथे एप्रिल २०११ मध्ये २.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि काम थांबले. त्यानंतर ब्रिटनने वाहतुकीच्या सिग्नलसारखी पद्धत लागू केली: ०.५ तीव्रतेचा धक्का नोंदला की लाल दिवा, पंप बंद. प्रेस्टन न्यू रोड इथे ऑक्टोबर २०१८ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि लाल दिवा वारंवार लागत गेला. २६ ऑगस्ट २०१९ रोजी २.९ तीव्रतेचा धक्का बसला, तोही पाणी दाबणे थांबल्यानंतर. धक्का कधी आणि किती मोठा बसेल याचा अंदाज बांधता येत नाही, असा निष्कर्ष नियामक संस्थेच्या अभ्यासातून निघाला आणि २ नोव्हेंबर २०१९ रोजी सरकारने स्थगिती दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने ती उठवली आणि पुढच्याच महिन्यात ऋषी सुनक यांनी पुन्हा लागू केली.

०.५ ही मर्यादा हास्यास्पद वाटावी इतकी खाली असल्याची उद्योगाची तक्रार होती, कारण एवढा धक्का माणसाला जाणवतही नाही. कॅनडाच्या अल्बर्टात फॉक्स क्रीक भागात लाल दिवा ४.० ला लागतो. दोन्हींतला फरक ऊर्जेच्या ढोबळ हिशेबात पावणेदोन लाख पटींच्या आसपास जातो. पण फॉक्स क्रीक विरळ वस्तीचा जंगली मुलूख आहे आणि लँकेशायरमध्ये विटांच्या घरांची दाट वस्ती. शास्त्र संभाव्यतेचा अंदाज देऊ शकते; किती हादरा सहन करायचा, हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचे असते. ब्रिटनच्या मर्यादेचा हेतू छोट्या धक्क्यावर थांबून मोठा टाळण्याचा होता, आणि २०१९ चा धक्का पंप थांबल्यावर बसल्याने त्या हेतूची मर्यादाही उघड झाली.

हवा आणि आरोग्य

हवेतल्या गळतीबाबत चित्र तुलनेने स्पष्ट आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या अभ्यासाने अमेरिकी तेलवायू साखळीतली मिथेनगळती एकूण वायू उत्पादनाच्या २.३ टक्के असल्याचे मांडले. सरकारी अंदाजापेक्षा ती सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. कोळशापेक्षा वायू स्वच्छ हा दावा या आकड्यावर बराचसा अवलंबून आहे, आणि गळती रोखणे तांत्रिकदृष्ट्या शक्यही आहे. आरोग्याचा पुरावा अधिक विस्कळीत आहे. न्यूयॉर्कच्या बंदीमागे सिद्ध झालेली हानी नव्हती. सुरक्षिततेची खात्री देता येत नाही, हे राज्याच्या आरोग्य आयुक्तांचे मत होते.

नियमनाच्या वाटा

इथवरच्या पुराव्यातून तीन भूमिका निघतात आणि तिन्ही गंभीरपणे घ्याव्या लागतात. बंदीवाद्यांचे म्हणणे असे, की अनिश्चितता मोठी असताना तिचा भार स्थानिकांवर टाकणे अन्यायाचे आहे आणि हवामानबदलाच्या काळात नवा जीवाश्म इंधनसाठा उघडण्याचे कारणही नाही. फ्रान्सच्या संविधान परिषदेने ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथली बंदी वैध ठरवली. दुसरी भूमिका तपशीलवार नियमांची: नळ किती खोल, सिमेंट किती तास सुकू द्यायचे, वस्तीपासून अंतर किती. अमेरिकी राज्ये साधारण या वाटेने गेली. संघराज्याच्या जमिनींसाठी २०१५ मध्ये केलेले नियम मात्र न्यायालयात अडकले आणि २०१७ मध्ये मागे घेतले गेले. तिसरी भूमिका ब्रिटनची: उद्दिष्ट सरकारने ठरवायचे, धोका कसा कमी केला हे कंपनीने सिद्ध करायचे आणि विहिरीची रचना स्वतंत्र परीक्षकाने तपासायची. तपशीलवार नियम तपासायला सोपे, पण तंत्र बदलले की मागे पडतात; उद्दिष्टाधारित पद्धत लवचिक, पण तिला जाणकार आणि पुरेशा संख्येने निरीक्षक लागतात.

माझ्या मते या तिन्हींपेक्षा निर्णायक ठरणारी दोन कलमे कमी चर्चेत आली. ब्रिटनच्या २०१५ च्या पायाभूत सुविधा कायद्याने एक हजार मीटरपेक्षा उथळ फ्रॅकिंगला मनाई केली आणि त्याच्या जोडीने कामाआधी बारा महिने भूजलातला मिथेन मोजण्याची अट घातली. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्याने दुसरी युक्ती केली: वायूविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यावर बारा महिन्यांत पाणी बिघडले, तर कंपनीच जबाबदार आहे असे गृहीत धरायचे, कंपनीने आधीचे नमुने दाखवून ते खोडावे. या तरतुदीने मोजणी कंपनीच्याच हिताची केली. वर्षभर मोजणीत घालवल्याने प्रकल्प महागतात, असा आक्षेप घेतला जातो. खर्च वाढतो हे खरे आहे. पण डिमॉकसारखा वाद तेरा वर्षे चालवण्याचा खर्चही कोणाला तरी पडतोच, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कंपनीला खोट्या दाव्यापासून वाचवणारा दुसरा आधार नाही. मोजणीने धोका कमी होत नाही, तो फक्त नोंदला जातो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर एवढेच, की ओक्लाहोमात जिरवणी कमी करण्याचा निर्णय भूकंपमापकांच्या आणि विहिरींच्या नोंदींवरच उभा राहिला. नोंद असली की थांबवण्याचा आदेश न्यायालयातही टिकतो.

विहीर संपल्यावरची जबाबदारी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरील तेलवायू भाडेपट्ट्यासाठी, विहीर बुजवण्याची हमी म्हणून घेतली जाणारी, किमान अनामत १९६० पासून १०,००० डॉलर होती. २०२४ मध्ये ती १,५०,००० डॉलर केली गेली. दरम्यान मालक नाहीशा झालेल्या विहिरी बुजवण्यासाठी २०२१ च्या कायद्याने ४.७ अब्ज डॉलरची सरकारी तरतूद करावी लागली.

भारतात

भारतात ओएनजीसीने जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर इथे शेलमधून वायू मिळवला. ऑक्टोबर २०१३ च्या धोरणाने ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला, तर २०१८ च्या निर्णयाने तेव्हाच्या करारांतल्या इतर कंपन्यांनाही वाट मोकळी केली. २०२५ च्या तेलक्षेत्र दुरुस्ती कायद्याने खनिज तेलाच्या व्याख्येत शेल वायू आणि कोळशाच्या थरातला मिथेन आणला. शेल वायूचे व्यापारी उत्पादन अजून उभे राहिलेले नाही. म्हणून प्रश्न दूरचा आहे असे नाही. राणीगंजच्या कोळसा थरांत मिथेनसाठी आणि बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रात घट्ट खडकातल्या वायूसाठी हेच तंत्र वापरले जाते. कोळशाचे थर शेलपेक्षा पुष्कळ उथळ असतात, तेव्हा पॅव्हिलियनचा धडा इथे अधिक लागू पडतो. तामिळनाडूत २०१७ मध्ये नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध आंदोलन केले आणि २०२० मध्ये राज्याने कावेरी खोऱ्याचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला.

देश वापरतो त्यापैकी जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात होतो, त्यामुळे देशी साठ्यांचा शोध घेणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. पण रचनेतल्या दोन उणिवा उघड आहेत. हायड्रोकार्बन महासंचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि शोधाला चालना देणे व त्यावर देखरेख ठेवणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत. आणि जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेलवायूच्या शोधविहिरी अशा वर्गात टाकल्या, जिथे पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. उत्पादनाच्या टप्प्याला त्या लागतात. शोधविहीर हीच जमिनीत पडलेले पहिले भोक असते. उत्पादनाच्या वेळी घेतलेला नमुना खोदाईआधीचा राहत नाही. शिवाय आघात अहवालासाठी सहसा पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती पुरते. ज्या देशात भूजलाची पातळी आणि क्षारता मे महिन्यात एक आणि ऑक्टोबरात दुसरीच असते, तिथे एका हंगामाची मोजणी पाण्याचे वर्ष दाखवू शकत नाही.

काय अनिर्णित आहे

विहिरींचे सिमेंट पन्नास वर्षांनी कसे असेल, हे कळायला शेलविहिरींचे वय अजून पुरेसे नाही. धक्क्यांचे भाकीत अजून जमलेले नाही आणि हा प्रश्न वायूपुरता उरणारही नाही: दक्षिण कोरियात पोहांग इथे २०१७ मध्ये झालेल्या ५.४ तीव्रतेच्या भूकंपाला भूऔष्णिक प्रकल्पाच्या पाण्याने चालना दिल्याचे तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने सांगितले. एकेका विहिरीला मंजुरी देताना शेकडो विहिरींचा एकत्रित भार कसा मोजायचा, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही देशाकडे दिसत नाही.

भारताला अजून वेळ आहे, आणि तो इतर देशांना मिळाला नव्हता. पहिल्या शोधविहिरीच्या आधी किमान बारा महिने, पावसाळा धरून, परिसरातल्या विहिरी-बोअरांच्या पाण्यातले मिथेन आणि क्षार मोजावेत; भूकंपमापक बसवावेत; या नोंदी स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत लावाव्यात; आणि ही मोजणी कंपनीच्या खर्चाने पण कंपनीने न निवडलेल्या संस्थेकडून व्हावी. पर्यावरण मंत्रालयाने शोधविहिरींना दिलेली सूट, निदान जिथे खडक फोडायचा आहे त्या विहिरींपुरती, मागे घ्यावी.